ताई क्वून, हाँगकाँग: तुरुंगाच्या भिंतीआडचे कलादालन

हाँगकाँगला जाणाऱ्या ठाणेकरांच्या सहलीत डिस्नेलँड, पीकचा डोंगर आणि लांताऊ बेटावरची बुद्धमूर्ती ठरलेली असते. सेंट्रल भागातील हॉलिवूड रोडवरचे ताई क्वून मात्र सहसा नसते. सुट्टीत तुरुंग पाहायला कोण जाणार, हा टूर कंपन्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. तरीही समकालीन कलेची आवड असो वा नसो, जुन्या वास्तूंचे पुढे काय करावे हा प्रश्न ज्यांना कधी पडला असेल, त्यांनी या आवारासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा.

पोलिसांचे मध्यवर्ती ठाणे, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आणि व्हिक्टोरिया तुरुंग ही तिन्ही इथे एकाच कुंपणात होती. म्हणजे माणसाला पकडून आणणे, शिक्षा सुनावणे आणि कोंडून ठेवणे हे सारे हाकेच्या अंतरावर उरकत असे. ब्रिटिशांनी १८४१ मध्ये बेटाचा ताबा घेतला त्याच वर्षी इथल्या तुरुंगाची सुरुवात झाली आणि तो २००६ मध्ये बंद झाला. पुढे हाँगकाँग जॉकी क्लबच्या, अर्थात घोड्यांच्या शर्यतींवर उभ्या राहिलेल्या, पैशातून १६ जुन्या इमारतींचे जतन झाले. २०१६ मध्ये काम चालू असतानाच त्यांतल्या एका इमारतीचा काही भाग कोसळला. अखेर २०१८ मध्ये हे आवार लोकांसाठी खुले झाले.

तुरुंगातले कलादालन म्हटल्यावर ओळीने कोठड्या आणि प्रत्येकीत टांगलेले एकेक चित्र, असे काहीसे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तसे नाही. एफ हॉलसारख्या एखाद्या जुन्या इमारतीत प्रदर्शने भरतात. मात्र कलेसाठी मुख्यतः ‘जेसी कंटेम्पररी’ ही नवी इमारत बांधली आहे. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी ती आणि तिच्या शेजारचे प्रेक्षागृह तुरुंगाच्या जुन्या दगडी भिंतीवर तोलून धरल्यासारखे उभे केले आहे. हा निर्णय व्यवहाराला धरून आहे. कोठडीत मोठी कलाकृती मावत नाही, जतन केलेल्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही, आणि आजच्या प्रदर्शनांना लागणारे तापमान-आर्द्रतेचे नियंत्रण तिथे बसवायचे तर मूळ वास्तूचीच मोडतोड करावी लागते.

नव्या इमारतीचा दर्शनी भाग मात्र जवळ जाऊन पाहण्यासारखा आहे. पुनर्वापर केलेल्या अॅल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यांनी तो रचला असून त्या ठोकळ्यांचे माप जुन्या दगडी बांधकामाशी नाते राखून ठरवलेले आहे. ठोकळ्यांच्या अंगावर ओतकामाचा खडबडीतपणा तसाच ठेवला आहे, आणि जिथे उजेड किंवा वारा आत घ्यायचा आहे तिथे ते मोकळे सोडून जाळी साधली आहे. लांबून करडी वाटणारी ही इमारत बाजूच्या ग्रॅनाइटशी बरोबरी करू पाहत नाही, तरी परकीही वाटत नाही. आत काँक्रीटचा गोलाकार जिना आहे. त्याला रंग नाही, गिलावा नाही. दालनात काय मांडले आहे हे प्रदर्शनागणिक बदलते, पण हा जिना कायमचा आहे, आणि एखादे प्रदर्शन मनाला भिडले नाही तरी एवढ्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परतणार नाही.

कला एकीकडे आणि कोठड्या दुसरीकडे ठेवल्यामुळे तुरुंगाचा विषय टाळल्यासारखा होतो का, ही शंका मनात येतेच. तिचे एक उत्तर संस्थेने पहिल्याच वर्षी दिले होते. चिनी कलावंत त्साओ फेई यांच्याकडून तिने ‘प्रिझन आर्किटेक्ट’ ही चित्रपटकृती खास करवून घेतली आणि तिचे चित्रीकरण याच आवारात झाले. असे काम दरवेळी असणार नाही हे मान्य. परंतु तुरुंगात भरलेल्या प्रदर्शनाने दरवेळी तुरुंगावरच बोलावे, हा आग्रहही फार ताणू नये.

आमच्या मंडळींना मात्र गुंतवून ठेवले ते बी हॉल या जुन्या कोठड्यांच्या इमारतीने, आणि त्याचे कारण आमच्या ठाणे शहरात आहे. कोर्ट नाक्यावरून कळव्याकडे जाताना कारागृहाची भिंत ज्यांनी लहानपणापासून पाहिली आहे, त्यांच्या दृष्टीने तुरुंग ही बाहेरूनच पाहायची वस्तू असते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांच्या आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला आपला किल्ला आजही मध्यवर्ती कारागृह म्हणून नांदता आहे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी देण्यात आले. असे सारे ऐकून-वाचून मोठा झालेला माणूस बी हॉलच्या कोठडीत पाऊल टाकतो तेव्हा जड दार, वर असलेली लहानशी खिडकी आणि हात पसरले की संपणारी रुंदी यांपलीकडे त्याला फारशा माहितीफलकांची गरज लागत नाही. मांडणी करणाऱ्यांनी ते ओळखले आहे. पुतळे उभे करून, आरडाओरडा ऐकवून अंगावर काटा आणायचा प्रयत्न इथे नाही. पुढे व्हिएतनामचे राष्ट्रनेते झालेले हो ची मिन्ह १९३०च्या दशकाच्या आरंभी याच तुरुंगात होते, पण त्यांच्या नावाचे अवास्तव भांडवल केलेले नाही, हेही आवडले.

याच आवारात जुन्या कोठड्यांच्या एका इमारतीत बार चालवण्याची कल्पना मात्र पटली नाही. जतनाचा खर्च निघायला हवा आणि उपाहारगृहे, दुकाने त्यासाठीच असतात, हे ठाऊक आहे. पोलिसांच्या जुन्या बराकींत ती शोभतातही. पण कोठडीत पेला घेऊन बसायचे आणि तुरुंगवासावर विनोद करायचे, ही मौज ज्यांच्या घरातले कोणी कधी आत गेले नाही त्यांनाच परवडते. उद्या आपल्या किल्ल्याचे असे काही करायचे ठरले आणि कान्हेऱ्यांच्या कोठडीत कोणी टेबले मांडली, तर नौपाड्यापासून कोपरीपर्यंत काय वातावरण होईल, ते सांगायला नको.

पोलीस ठाण्याच्या कवायतीच्या मैदानात एक जुना आंबा आहे. त्याला भरघोस फळ धरले की अधिकाऱ्यांना बढती मिळते, अशी इथल्या पोलिसांची समजूत होती. आमच्यासोबतच्या, खारकर आळीत जन्मलेल्या एका काकांनी झाडाभोवती फेरी मारून “हा रायवळच, कलमी नव्हे” असा निर्वाळा दिला आणि मग बराच वेळ त्याखालीच बसून राहिले. बसायला जागा मुबलक आहे आणि कोणी उठवत नाही. इतक्या दाटीच्या शहरात ही सोय लहान नव्हे.

आवारात प्रवेशाला तिकीट नाही, क्वचित एखाद्या मोठ्या प्रदर्शनाला असते. आवार सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असले तरी कलादालने सकाळी ११ ते सायंकाळी ७ या वेळेतच पाहता येतात आणि सोमवारी बंद असतात, तेव्हा सहलीचा मोकळा दिवस सोमवारी येत असेल तर तो बदलून घ्यावा. माहितीफलक चिनी आणि इंग्रजीत आहेत. सेंट्रल स्थानकातून चालत येता येते, पण रस्ता चढाचा आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मिड-लेव्हल्स या डोंगरउतारावरच्या वस्तीकडे जाणारे सरकते जिने धरावेत, त्यांवरून पुलाने थेट आवारात उतरता येते. मात्र हे जिने सकाळी १० वाजेपर्यंत खालच्या दिशेने चालतात, म्हणून त्यानंतरच निघावे.