ओएमआरसाठी पेन्सिल: नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ओएमआर म्हणजे उत्तराचा गोल काळा करायची आणि यंत्राने तपासली जाणारी उत्तरपत्रिका. तिच्यासाठी पेन्सिल घेण्याआधी हॉलतिकिटावरच्या सूचना वाचा. नीटला आणि एमपीएससीला काळं बॉलपेन लागतं, तिथे पेन्सिल चालत नाही. एमएचटी-सीईटी संगणकावर असते. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेसाठी ‘नंबर टू’ पेन्सिल शोधत बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात फिरू नका. नंबर टू म्हणजे आपली एचबीच, आणि सॅट २०२४ पासून पूर्णपणे डिजिटल झाली आहे. पेन्सिलीचा प्रश्न उरतो तो शाळेतल्या काही ऑलिम्पियाडपुरता आणि क्लासच्या सराव चाचण्यांपुरता. पण तिथे चुकीच्या पेन्सिलीने हातचे गुण जातात, म्हणून हे सविस्तर.

पेन्सिलीचा आग्रह जुना आहे. आयबीएमचं १९३८ चं ८०५ यंत्र ग्रॅफाइटमधून वीज वाहते की नाही, यावरून खूण ओळखायचं. पुढे प्रकाशावर चालणारे स्कॅनर आले. ते गोल किती काळा आहे आणि किती भरला आहे हे बघतात. त्यामुळे ‘जितकी काळी तितकी चांगली’ हा समज बाळगू नका. खूण एकसारखी काळी हवी आणि खोडल्यावर मागे काही उरता कामा नये. या दोन्ही कसोट्यांवर साधी एचबी सगळ्यात भरवशाची ठरली. लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज ६२१ घ्या किंवा दुसऱ्या चांगल्या कंपनीची, एचबी असली की पुरे.

शिशात माती जास्त असली की पेन्सिल कडक होते आणि ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ. एच, टूएच कागदावर घळ पाडतात पण रंग फिकाच राहतो. टूबी दोन फटक्यांत गोल काळा करते, पण एप्रिल-मेच्या घामट तळव्याखाली तोच काळेपणा शेजारच्या गोलापर्यंत ओढला जातो. यंत्राला मग एका प्रश्नाची दोन उत्तरं दिसू शकतात. ‘एक्स्ट्रा डार्क’ लिहिलेल्या पेन्सिली एचबी आणि टूबीच्या मधल्या. हात हलका असलेल्या मुलांना त्या छान जमतात, दाबून लिहिणाऱ्यांना देऊ नका.

टोकाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. नुकतंच टोक केलेली पेन्सिल गोल भरायला वाईट. रेघा बारीक पडतात, मधे पांढऱ्या फटी राहतात आणि कागद टोचला जातो. टोक केल्यावर रफ कागदावर तिरकं घासून ते ज्वारीच्या दाण्याइतकं बोथट करा. आधी गोलाच्या आतल्या कडेने एक फेरा मारा, मग आत भरत जा. चार-पाच फटक्यांत काम होतं. शीट कूलरच्या झोतात ठेवून सराव करू नका. ओलसर हवेने कागद नरम पडतो, पेन्सिल त्यात रुतते आणि खोडताना वरचा थर सोलून निघतो. पावसाळ्यातही हेच होतं. शीटखाली कडक पॅड असू द्या.

पेन पेन्सिल घ्यायचीच तर ०.९ किंवा २ मिलिमीटरची. ०.५ चं शिसं गोल भरताना कटाकट तुटतं.

विकत घेताना पेन्सिलीचं मागचं टोक बघा. शिसं बरोबर मधोमध हवं. ते एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरमध्ये एकीकडे लाकूड तसंच राहतं आणि टोक कधीच नीट येत नाही. फरशीवर पडलेली पेन्सिल परीक्षेला नेऊ नका. बाहेरून धड दिसली तरी आत शिशाचे तुकडे झालेले असतात, टोक केलं की गळून पडतात. शार्पनरचं पातं बोथट झालं तरी शिसं तुटतं, आणि दोष उगाच पेन्सिलीला लागतो.

खोडरबर वेगळा आणि मऊ, नॉन-डस्ट घ्या. पेन्सिलीच्या बुडाला लावलेलं रबर आपल्याकडच्या उन्हात कडक होतं आणि कागद खरवडतं. नॉन-डस्ट रबर त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवा. उघडा ठेवला तर तो प्लॅस्टिकच्या कंपासपेटीला चिकटतो, पेन्सिलीचा रंगही ओढून घेतो आणि तो डाग शीटवर उमटतो. खोडण्याआधी रबराचा कोपरा रफ कागदावर घासून पांढरा करून घ्या. एकाच दिशेने हलक्या हाताने खोडा, कण फुंकरीने किंवा रुमालाने झटका. तळवा फिरवू नका.

दुकानातच तपासायचं असेल तर एक गोल भरा, खोडा आणि मोबाईलने जवळून फोटो काढा. डोळ्याला न दिसणारी राखाडी सावली फोटो मोठा केल्यावर दिसते. सावली उरली तर दुसऱ्या खोडरबराने एकदा बघा, तरी उरली तर पेन्सिल बदला. परीक्षेला तीन पेन्सिली न्या: दोन बोथट केलेल्या आणि एक टोकदार, कच्च्या आकडेमोडीसाठी.