माझी खुर्ची माझ्याच सहीनं गेली

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय दहा. "दादा, एक जण घरी येऊन गेला. बॅटरीची गाडी मंजूर करून देतो म्हणाला. पोराचा फोटो काढून नेला." मी विचारलं, सही घेतली का? "माझा अंगठा घेतला." कागदावर काय होतं? त्यावर बराच वेळ फोनमधून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर आपण कसे फसलो हे चारचौघांत सांगायची हौस कुणाला असते!

मी रंगारी. २०१८ च्या दिवाळीआधी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आलो आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यानंतरचं एक वर्ष सोडून देतो. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं त्याच्या वडिलांची जुनी व्हीलचेअर दिली, तीच आजवर चालवतोय. त्यांचं अंग आडवं, त्यामुळे सीट अठरा इंची. मी वाळून काडी झालेला, तिच्यात एका बाजूला कलतो. रेक्झिन फाटलं तेव्हा खाली प्लायवूडची फळी टाकली. खालचं काही जाणवत नसल्यामुळे फळीचा कोपरा रुततोय हे मला कळलंच नाही. बायकोला पायजम्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. ती जखम भरायला चार महिने गेले.

तर खुर्चीची गरज किती होती ते सांगायचं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसं झालं.

२०२३ मध्ये माझं युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आलं. अपंगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर कार्डावर निळी पट्टी येते, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळी. एका कागदाच्या दुरुस्तीसाठी दवाखान्यात बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टर अपंगत्व तपासतात त्या दिवशी गेलो होतो. मांडीवर कार्ड होतं. गळ्यात ओळखपत्राची दोरी, काखेत फायली, असा एक तिशीतला माणूस समोर थांबला. त्यानं आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, निळं कार्ड आहे तुमचं. बॅटरीच्या तीनचाकीला बसताय तुम्ही. कुणी सांगितलं नाही का?"

पहिल्या दिवशी त्यानं एक रुपया घेतला नाही. उलट माझ्यासमोर दोन म्हाताऱ्यांचे फॉर्म फुकट भरून दिले आणि माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले. बोलताना सारखं "आपले दिव्यांग बंधू" म्हणायचा. मला आत्ता ते आठवलं की हसू येतं आणि रागही.

त्याचं बोलणं निव्वळ थाप असतं तर मी सावध झालो असतो. पण योजना खरी आहे. अॅडिप नावाची केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून खुर्च्या, सायकली, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या येतात, तालुक्या-जिल्ह्याला शिबिरं लागतात. आणि बॅटरीच्या गाडीला सरकारी मदतीची मर्यादा असते हेही खरं. ती मर्यादा पूर्वी पंचवीस हजार होती. वरची रक्कम कधी खासदार निधीतून यायची, कधी एखाद्या कंपनीकडून, कधी लाभार्थ्याला घालावी लागायची. नेमका तोच धागा त्यानं पकडला. म्हणाला, "दादा, तुमचा हिस्सा फक्त बारा हजार." मी ओळखीतल्या एकाला विचारलं तर तोही म्हणाला, हो, तसं काहीतरी असतं बुवा. बायकोनं बचत गटातून उचल केली. बारा हजार रोख, आठशे रुपये फायलीचे फोनवरून. रोख रकमेची पावती नाही, "साहेबांच्या सहीनं एकदम मिळेल."

मग एका संध्याकाळी तो घरी आला आणि सह्या घेतल्या. पाच ठिकाणी. लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात तो बोट दाखवत होता आणि मी करत होतो. बायको म्हणाली, "अहो, वाचून तरी घ्या." तो हसून म्हणाला, "वहिनी, सरकारी भाषा आहे, मलाच कळत नाही." आम्हीही हसलो. दोन दिवसांनी फोन करून ओटीपी विचारला, केवायसीसाठी म्हणून. तोही दिला.

महिन्याभरानं तो ओम्नी घेऊन दारात. मागच्या बाजूनं कोरी करकरीत घडीची व्हीलचेअर काढली. निळं रेक्झिन, मुठींवर प्लास्टिक तसंच. मला वाटलं, बॅटरीच्या गाडीऐवजी ही आली की काय. "नाही दादा, ही नमुन्याची. गाडीच्या सीटसाठी तुमचं माप घ्यायचंय." त्यानं आणि बायकोनं उचलून मला तिच्यात बसवलं. सोळा इंची होती. कमरेला दोन्ही बाजूंनी बरोबर लागली, पाठ सरळ झाली. पाच वर्षांत पहिल्यांदा मी न कलता बसलो होतो. त्यानं टेपनं मापं घेतली, वहीत लिहिली, मग मोबाईल काढला. "हसा दादा. फायलीला लागतो." मी हसलो. मनापासून हसलो. मग मला उचलून परत जुन्यात ठेवलं, नवी घडी घालून ओम्नीत गेली.

त्यानंतर "बजेट अडकलंय", "आचारसंहिता लागलीय", "साहेब बदलले". आणि मग नंबर बंद.

पुढच्या वर्षी आमच्याच तालुक्यात तपासणी शिबिर लागलं. आधार, कार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलो. फी? शून्य. महिना २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर साहित्य पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. टेबलावरच्या पोरानं नंबर टाकला, थांबला, परत टाकला. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "काका, तुम्हाला व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची दिलेली दाखवतंय. तीन वर्षं परत मिळणार नाही." मी म्हणालो, बघ की मी कशात बसलोय. तो बघत राहिला. त्याच्या हातात काही नव्हतं, मागं रांग होती.

माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागणी एवढीच: माझ्या नावावरच्या वाटपाच्या कागदांच्या प्रती. त्या पाकिटात तीन कागद आले. एक, पोच. सही माझी. दोन, अधिकारपत्र: "मी अंथरुणाला खिळून असल्याने माझे साहित्य सदर व्यक्तीकडे सुपूर्द करावे." सही माझी. तीन, साहित्य घरी पोचल्याचा पुरावा म्हणून फोटो. झेरॉक्स काळपट होती, तरी मुठींवरचं प्लास्टिक ओळखू येत होतं. आणि मी हसत होतो.

ती नमुन्याची नव्हती. माझीच होती. शेजारच्या तालुक्यातल्या शिबिरातून माझ्या नावानं उचललेली. माझ्या घरात आली, मी तिच्यात दोन मिनिटं बसलो आणि ती परत गेली. बाजारात अशी खुर्ची पाच-सात हजारांना जाते. कमोडची खुर्ची तर आम्ही पाहिलीसुद्धा नाही. बारा हजार आठशे बुडाले त्याचं दुःख आहेच, गटाचा हप्ता परवा-परवापर्यंत चालू होता. पण पैसे हळूहळू फिटतात. यादीतला गेलेला नंबर आणायचा कुठून?

पोलिसांत पहिल्यांदा गेलो तर "व्यवहार आहे, आपसात मिटवा" असं ऐकून परत आलो. दुसऱ्यांदा माहिती अधिकाराचे कागद नेले, आणि अर्जात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ घातलं. अपंगांसाठीचा लाभ लबाडीनं उपटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम गल्लीतल्या एका वकिलीच्या विद्यार्थ्यानं शोधून दिलं. यावेळी पोच मिळाली. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही प्रत पाठवली आहे. माझ्या नावावरची नोंद रद्द करा, एवढंच मागणं. अजून झालेली नाही.

ताईंना फोनवर जे सांगितलं तेच इथं सांगतो. शिबिर दोनदा असतं. आधी तपासणी, तिथं माणूस बघून काय द्यायचं ते ठरतं आणि चिठ्ठी मिळते. मग काही महिन्यांनी वाटप. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, कारण आपल्या नावावर नक्की काय मंजूर झालंय ते तिच्यावरच असतं. घरी येऊन "मंजूर करून देतो" म्हणणाऱ्याचं मधे कुठेच काम नाही. जाता येत नसेल तर अधिकारपत्र घरच्याच माणसाच्या नावानं, स्वतःच्या अक्षरात, वस्तूचं नाव आणि तारीख घालून. पोचेवर सही वस्तू दारात उतरल्यावर, आणि ती दारात राहणार असेल तरच. ओटीपीचं तर बोलायलाच नको. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावे लागतात; ग्रामसेवकाला तोंडी नको, लेखी विचारा.

ताईंच्या मुलाला एक गोष्ट बरी आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना तीन वर्षांची अट नाही, एका वर्षानं परत मिळतं, कारण पोरं वाढतात. पण त्याचं हे वर्ष त्या अंगठ्यावर अडकलंय. तो माणूस शनिवारी परत येणार आहे म्हणे, माप घ्यायला. मी त्यांना सांगितलंय, त्याला चहा द्या, बसवून ठेवा आणि मला फोन करा. माझ्याकडचा तो काळपट फोटो त्याला दाखवायचाय.