चालू एन्क्रिप्टेड व्हीएम हलवणं: केव्हीएम-लिबव्हर्टचा नऊ महिन्यांचा अनुभव

जळगावात आमच्या पतसंस्थेचे दोन सर्व्हर आहेत, एक तळमजल्यावर आणि एक वर. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की वरच्या खोलीतला एसी ट्रिप होतो. मग काउंटरवर गर्दी असतानाच व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, चालू ठेवूनच खालच्या सर्व्हरवर आणावी लागते. हे सगळं केव्हीएम-लिबव्हर्ट या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरने करतो. डिस्क सामाईक एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीवर) असल्यामुळे हलवायची ती फक्त रॅम.

डिस्कला लक्स (लिनक्सचं डिस्क-कुलूप) एन्क्रिप्शन आहे म्हणजे झालं, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण डिस्कचं कुलूप रॅमला लागत नाही. व्हीएम हलवणाऱ्या मायग्रेट कमांडला टीएलएसचा, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक एन्क्रिप्ट करण्याचा, पर्याय दिला नाही, तर रॅममधली सभासदांची खाती नेटवर्कवरून उघडीच जातात. म्हणून दोन्हीकडे क्यूईमूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये 'मायग्रेट टीएलएस फोर्स' 1 केलं. आता घाईत कुणी पर्याय विसरलं तर व्हीएम जागची हलत नाही. मला सर्वांत जास्त विश्वास याच सेटिंगचा वाटतो.

एकदा दुपारी मात्र व्हीएम जाईचना. खालचा सर्व्हर आदल्या रात्री रीबूट झाला होता आणि लक्सचं सिक्रेट, म्हणजे डिस्क उघडायची किल्ली, मी 'एफेमेरल' ठेवलं होतं. ते फक्त मेमरीत राहतं, रीबूट झाला की गेलं. मूळ व्हीएम वर चालूच राहिली, पण खोली तापत होती आणि कॅशियर दारातून विचारत होते, "चालू शे ना भाऊ?" त्याच यूयूआयडीचं (ओळख क्रमांकाचं) सिक्रेट खाली परत भरलं तेव्हा व्हीएम गेली. आता हलवण्याआधी सिक्रेटची यादी बघतोच.

वेगाचे कंट्रोल चालू मायग्रेशनमध्येही बदलता येतात, हे फार कामाचं. 16 जीबी रॅम एका गिगाबिट लाइनवरून एकदा पाठवायलाच सव्वादोन मिनिटांच्या वर लागतात. डे-एंड (दिवसअखेरचं काम) चालू असेल तर रॅमची पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, पाठवण्यापेक्षा बदलण्याचा वेग जास्त, त्यामुळे काम संपतच नाही. शेवटची पानं पाठवताना व्हीएम क्षणभर थांबते, त्या थांबण्याची मूळ मर्यादा 300 मिलिसेकंद. मी ती 1500 करतो, काउंटरवर कुणाला कळतही नाही. पोस्ट-कॉपी, म्हणजे व्हीएम आधी तिकडे सुरू करून उरलेली रॅम मागून नेणं, खातेवहीच्या व्हीएमला वापरत नाही. मध्येच लाइन तुटली तर अर्धी रॅम इकडे, अर्धी तिकडे.

एएमडी प्रोसेसरच्या एसईव्ही या सोयीने रॅमही एन्क्रिप्ट केलेली एक व्हीएम आहे. तिच्यात पानाचं एन्क्रिप्शन त्याच्या रॅममधल्या प्रत्यक्ष पत्त्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसती कॉपी दुसरीकडे कचरा ठरते. प्रोसेसरच्या फर्मवेअरनेच (आतल्या सॉफ्टवेअरनेच) ते पान वाहतुकीच्या किल्लीने पुन्हा बांधून द्यावं लागतं. व्हीएम बाहेर जाऊच नये अशी 'नोसेंड' पॉलिसीही सुरू करतानाच ठरते, नंतर होस्टवाल्याला, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याला, बदलता येत नाही. मला हे मनापासून पटतं, कारण इथे होस्टवाला मीच आहे आणि ते कुलूप माझ्यापासूनही हवं. वेग माझ्या हातात असू दे, परवानगी खातेदारांच्या बाजूने आधीच ठरलेली असावी.

पण आमच्या क्यूईमूच्या आवृत्तीत एसईव्हीचं लाइव्ह मायग्रेशनच नाही, कमांड सरळ नकार देते. म्हणून ती व्हीएम उन्हाळाभर तळमजल्यावरच ठेवली, आणि हलवायचीच झाली तर काउंटर बंद झाल्यावर शटडाउन करून.