फोनवर स्ट्रीम ऐकवायचा तर अ‍ॅस्टेरिस्क कितपत पुरतं?

दूरच्या सर्व्हरवरचा ऑडिओ फोन लावणाऱ्याच्या कानापर्यंत पोचवायला टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क आजही पुरतं, आणि फुकट आहे. मात्र त्यात रस्ते तीन, आणि सगळ्यात सोपा दिसणारा सगळ्यात वाईट.

तो म्हणजे एमपी३प्लेअर ही कमांड. डायलप्लॅनमध्ये (कॉल आल्यावर काय करायचं त्याची यादी) कॉल उचला, स्ट्रीमचा पत्ता द्या, झालं. पण आत ते दर कॉलमागे एमपीजी१२३ या एमपी३ वाजवणाऱ्या प्रोग्रामची नवी प्रोसेस उघडतं. ३० जण ऐकत असतील तर १२८ केबीपीएसचा तोच स्ट्रीम ३० वेळा ओढला जातो, म्हणजे जवळपास ४ एमबीपीएस. शिवाय ऐकणाऱ्याचं बोट चुकून कीपॅडवर पडलं की खेळ खल्लास. चाचणीपुरतं ठीक.

थेट प्रक्षेपणाला होल्ड म्युझिकच, म्हणजे कॉल थांबवून ठेवताना संगीत वाजवण्याची सोय, घ्यावं. नवा क्लास करा, मोड ‘कस्टम’ ठेवा आणि अ‍ॅप्लिकेशनच्या ओळीत एमपीजी१२३ ची पूर्ण कमांड लिहा: ८००० हर्ट्झ, मोनो, आउटपुट फाइलीत न जाता सरळ स्टँडर्ड आउटपुटला. प्रोसेस एकच, ऐकणारे कितीही. सर्व्हरने जोडणी तोडली तर अ‍ॅस्टेरिस्क ती परत उभी करतं. पण जोडणी न तुटता नुसतीच लटकली तर फोनवर शांतता पसरते, म्हणून एमपीजी१२३ चा टाइमआउटचा पर्याय विसरू नका. आवाज फार बारीक येतोय? जिथे तिथे चिकटवल्या जाणाऱ्या कमांडमध्ये आवाजाची पातळी ठरवणारा स्केल ८१९२ असतो. पूर्ण पातळी ३२७६८, म्हणजे तुम्ही पावपट ऐकवताय. १६३८४ करून बघा. जुन्या एमपीजी१२३ ला एचटीटीपीएसचा पत्ता झेपत नाही, तेही आधी तपासा.

रेकॉर्ड केलेल्या फाइलींसाठी आवृत्ती १४ पासून प्लेबॅक या फाइल वाजवणाऱ्या कमांडला थेट यूआरएल देता येतो. कर्लचं (वेबवरून फाइल उतरवणारं) मॉड्यूल लागतं, आणि पत्त्यात ‘&’ आला की प्लेबॅक त्याच्या दोन फाइली समजतं. खरी अडचण वेगळीच: फाइल पूर्ण उतरल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. तासाभराची ८००० हर्ट्झ, १६ बिट मोनो वेव्ह सुमारे ५८ एमबी. १० एमबीपीएसच्या लाइनवर पहिला कॉलर पाऊण मिनिट गप्प फोन धरून बसणार. पुढच्यांना ती कॅशमधून मिळते. त्यापेक्षा रात्रीच सॉक्स या ऑडिओ रूपांतराच्या प्रोग्रामने ८००० हर्ट्झ मोनो करून जवळच्या डिस्कवर ठेवावी आणि कंट्रोलप्लेबॅकने वाजवावी. मग * दाबून मागे, # दाबून पुढे जाता येतं. मुळातली उडी फक्त ३ सेकंदांची असते. प्रवचनाला ३० बरी.

जी.७११ या फोनच्या नेहमीच्या कोडेकवर (आवाज डिजिटल करून पाठवण्याची पद्धत) साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचतं. बोलणं स्वच्छ येतं, तबल्यातला डग्गा मात्र जवळजवळ गायब. जी.७२९ वर गाणं ऐकवूच नका. तो कोडेक बोलण्यासाठी आहे, सुरांचा चिखल होतो.