दिंडीसोबत रुग्णवाहिका घ्यावी, की चालणारे प्रथमोपचार सेवेकरी?

आषाढी वारीला दिंडी नेणाऱ्यांत वैशाखातच हा विषय निघतो: यंदा औषधपाण्याचं काय करायचं? मार्ग दोन. एखाद्या रुग्णालयाकडून किंवा भाड्याने रुग्णवाहिका घ्यायची, सोबत डॉक्टर. नाहीतर दिंडीतल्याच पाच-सहा जणांना रीतसर प्रथमोपचार शिकवून पेट्या त्यांच्या खांद्याला लावायच्या आणि गंभीर प्रसंगी 108ला फोन करायचा. आमच्या दिंडीने दोन्ही करून पाहिलं आहे.

रुग्णवाहिकेचं मोल मी कमी लेखत नाही. सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन ही कामं सेवेकऱ्याची नव्हेत. संध्याकाळी तळावर डॉक्टर बसले की म्हातारी माणसं बीपी बघून घेतात आणि निश्चिंत झोपतात. वारीला आई-वडिलांना पाठवणाऱ्या घरच्यांनाही ‘गाडी सोबत आहे’ एवढ्यानेच धीर येतो.

माझं मत मात्र एकाच गोष्टीने ठरलं. दिंडी चालते त्या वाटेवर गाडी चालू शकत नाही. सकाळी तंबू उतरले की ट्रक आणि टँकरसोबत रुग्णवाहिकाही पुढच्या मुक्कामाकडे निघते. पास असला तरी रथाच्या आगेमागे, दिंड्यांच्या गर्दीत तिला थांबता येत नाही. म्हणजे माणसं उन्हात चालतात ते सगळे तास डॉक्टर एकीकडे आणि दिंडी दुसरीकडे. पुणे ते सासवडचा टप्पा घ्या. माउलींच्या पालखीचा हा सर्वांत लांब टप्पा, जवळपास 30 किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण आणि बहुधा एकादशी. घाट वाहनांना बंद, गाड्या बोपदेव घाटाने वळवलेल्या. आमच्यातले मधुमेही काका सकाळची गोळी घेऊन उपाशीपोटी निघाले होते. अर्ध्या घाटात कठड्याला टेकून बसले, अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, नाव विचारलं तर उत्तर भलतंच. फोन लावला तर गाडी सासवडच्या तळावर पोहोचलेली. चालकाचा काहीच दोष नव्हता, तो नेमून दिलेल्या वाटेनेच गेला होता. मागच्या दिंडीतल्या एका ताईंनी पिशवीतून साखर काढली, पाण्यात कालवून हळूहळू पाजली. पंधरा-वीस मिनिटांत काका भानावर आले. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीच घालता आलं नसतं, कुशीवर वळवून मदतीची वाट पाहावी लागली असती. त्या क्षणी उपयोगी पडली ती हाताशी असलेली साखर आणि ती कधी द्यायची हे ठाऊक असलेलं माणूस.

त्यानंतर आम्ही सेवेकऱ्यांकडे वळलो. शिक्षणासाठी रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा वर्ग गाठावा. सेंट जॉनचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, पण हात बसलेला राहावा म्हणून दरवर्षी निघण्याआधी उजळणी हवीच. माणसं निवडताना एक पाहा: थकलेला माणूस हळूहळू मागे पडतो, म्हणून एक पेटी शेवटच्या ओळीच्याही मागे चालली पाहिजे. टाळकऱ्यांत रमणारा सेवेकरी तिथे टिकत नाही.

रोजचं काम बहुतेक पायांचं. फोडातून सुईदोरा ओवायची जुनी सवय मोडायला वेळ लागतो. फोड न फोडता, धुऊन, कोरडा करून झाकायचा. मधुमेह असेल तर सुई लावायचीच नाही. मांड्या सोलवटतात, त्यांना चालायच्या आधीच व्हॅसलीन. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर पाण्याची आणि छोटी 200 मिलिलिटरची, हे प्रत्येक सेवेकऱ्याला पाठ हवं. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळली तर जुलाब झालेल्याला अपायच होतो. सर्वांत कठीण काम नकार देण्याचं. ‘माउली, अंग दुखतंय, एक गोळी द्या ना’ असं दिवसभर कानावर येतं. पाणी कमी पडलेल्या शरीरात वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. ज्याची त्याची गोळी ज्याने त्याने घ्यावी, पेटीतून गोळ्या वाटू नयेत.

गंभीर प्रसंगासाठी राज्यात 2014 पासून 108 आहे, गाडीत डॉक्टर असतात. पालखी मार्गावर अलीकडे आरोग्य खात्याचे दवाखाने आणि दुचाकीवरचे आरोग्यदूतही दिसतात. फोनवर मात्र ‘रथामागे अमुक क्रमांकाची दिंडी’ एवढंच सांगू नका. गाव, किलोमीटरचा दगड, जवळचा फाटा सांगा.

तुमची दिंडी मुख्य सोहळ्यात नसेल, विदर्भ-मराठवाड्यातून आपल्या वाटेने पंढरपूरला येत असेल, तर कदाचित माझा हिशेब लागू पडणार नाही. तिथे गाडी मागोमाग चालू शकते आणि वाटेत सरकारी दवाखाने विरळ. दिंडीत वयस्कर मंडळी फार असतील आणि पैसे असतील, तर दोन्ही ठेवावं. पण माउलींच्या किंवा तुकोबारायांच्या पालखीसोबत चालताना एकच परवडत असेल, तर मी पेट्यांवर खर्च करेन आणि ओळखीच्या डॉक्टरांना मधल्या दोन-तीन मुक्कामांवर संध्याकाळी बोलावेन.

कोणताही मार्ग धरलात तरी मधुमेह्यांची यादी निघण्याआधी करा. एकादशीला गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून यावं, आणि त्या दिवशी घाटात त्यांच्याबरोबर साखर घेऊन एक जण चालावा.