स्वीडिश शब्द शिकवायला पत्ते की भातुकली?

स्टॉकहोमला आल्यावर आम्ही घरात दोन्ही खेळ करून पाहिले. पहिला तिथल्या पोरांचा पत्त्यांचा, ‘फिन्स इ शॉन’, म्हणजे ‘तळ्यात आहे’. प्राण्यांच्या चित्रांचे जोडीपत्ते घ्यायचे आणि विचारायचं, ‘हार दू एन कत्त?’ (तुझ्याकडे मांजर आहे का?). नसेल तर समोरचा ओरडतो, ‘फिन्स इ शॉन!’, की आपण मधल्या ढिगातून पान उचलायचं. एका डावात तेच वाक्य वीसदा तोंडातून जातं, तेही कंटाळा न येता. ‘शॉन’मधला तो ‘श’ आणि ‘ख’च्या मधला, फुंकर घातल्यासारखा उच्चार लेकीला तिथेच जमला, मला अजून नाही. मात्र चारच्या आतलं मूल पानं लपवतच नाही, सगळ्यांना दाखवत सुटतं.

भातुकलीत नियमच नसतात. म्यॉल्क (दूध), उस्त (चीज), एप्ले (सफरचंद) मांडायचं, देताना ‘वाशोगूद’, घेताना ‘तक्’. शब्द हातातल्या वस्तूला चिकटतो. शिवाय ‘एन बॉल’चा ‘बॉलेन’ आणि ‘एत एप्ले’चं ‘एप्लेत’ (तो चेंडू, ते सफरचंद) असं शेपूट कानावर पडत राहतं. मराठी मुलाला यात नवल वाटत नाही. आपल्याकडे लिंगं तीन, इथे ‘एन’वालं आणि ‘एत’वालं अशी दोनच, आणि ‘घरात’, ‘घराला’ अशी शेपटं आपणही लावतोच.

धाकट्यासाठी माझं मत भातुकलीला. मूल पाच वर्षांचं झालं की पत्ते काढा, पण हरल्यावरचं रडणं मराठीतच होतं!