नव्या काँक्रीटवर मशीन आठवड्यात चढवावं की २८ दिवस थांबावं?

मशीनचा अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो, बँकेचा हप्ता दारात उभा असतो आणि शेडमधलं काँक्रीट नुकतंच पडलेलं असतं. अशा वेळी वर्कशॉपवाल्यापुढे दोन वाटा असतात: आठवडाभर पाणी मारून मशीन चढवायचं, किंवा २८ दिवस कळ काढायची. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात मी दोन्ही केलंय. जुन्या शेडमध्ये लांब बेडचा लेथ पाणी थांबवल्याबरोबर बसवला, नव्या शेडमध्ये तसाच लेथ चार आठवड्यांनी. माझा कल कुठं आहे ते पुढं कळेलच, पण घाईच्या वाटेचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. आधी तीच सांगतो.

नुसत्या वजनाचा हिशेब मांडला तर आठवड्याचं काँक्रीट कमी पडत नाही. एम२५ला (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद धरलेलं काँक्रीट) सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, म्हणजे चौरस मिलिमीटरला १६ न्यूटनच्या आसपास. सहा टनांचं मशीन १०० बाय १०० मिलिमीटरच्या सहा पॅडवर उभं केलं, तर पॅडखाली दाब येतो चौरस मिलिमीटरला जेमतेम १ न्यूटन. कॉन्ट्रॅक्टर ‘चालतंय की, ठेवा’ म्हणतो तेव्हा तो फसवत नसतो. ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) ५३ ग्रेड, पाणी हात राखून, वर ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेणं) केलेलं असेल तर सुरुवातीची ताकद आणखी लवकर येते. हप्ता चालू, भाडं चालू आणि ऑर्डर हातात असताना तीन आठवडे म्हणजे खरे पैसे आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त सिमेंटच्या गोणीवर काय लिहिलंय ते बघा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस पाणी लागतं, पीपीसीसारख्या (फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला किमान १०, आणि हवा गरम-कोरडी असेल तर पीपीसीला १४ दिवसांपर्यंत द्यावं अशी शिफारस आहे. म्हणजे पीपीसी वापरून आठवड्यात मशीन चढवणाऱ्याचं पाणीसुद्धा पुरं झालेलं नसतं. त्यातली फ्लाय अ‍ॅश सावकाश काम करते आणि तिला ओल लागते. पाणी साठवावं की क्युरिंग कंपाउंड (ओल आत धरून ठेवणारा फवारा) मारावं, यावर मी फार वेळ घालवणार नाही. फाउंडेशनसारख्या आडव्या पृष्ठभागावर बांध घालून पाणी साठवण्यासारखं दुसरं काही नाही. ते जमत नसेल तर ओली पोती टाका.

अजून एक गोष्ट हिशेबातून सुटते. काँक्रीटवर सगळ्यात वाईट भार मशीन बसल्यावर येत नाही, ते आत आणताना येतो. हायड्रा क्रेन मशीन उचलून आत येते तेव्हा तिचं स्वतःचं वजन आणि मशीनचं वजन चार चाकांवर असतं, त्यातही पुढच्या दोन चाकांवर जास्त. पाइपचे रोलर टाकून सरकवलं तर भार एका रेषेवर येतो. फ्लोअरमध्ये मुद्दाम कापलेल्या खाचांच्या (ग्रूव्ह कटिंगच्या) कडा तिथंच तुटतात. घाई करणाऱ्याने निदान त्या वाटेवर लोखंडी प्लेटा तरी अंथराव्यात.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लागला ते सांगतो. ताकद, तडे, खर्च यांपैकी काहीही नाही. टेपर, म्हणजे शाफ्टचा व्यास एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी निघणं.

जुन्या शेडमधला लेथ बसवला त्या दिवशी लेव्हल अगदी नीट होती. मास्टर लेव्हलचा (अचूक पाणसळीचा) एक भाग म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर, आणि बुडबुडा दोन्ही टोकांना जागेवर. काही आठवड्यांनी लांब शाफ्टवर चकच्या (जॉब पकडणाऱ्या) बाजूचा आणि टेलस्टॉकच्या (दुसरं टोक टेकवणाऱ्या) बाजूचा व्यास जुळेना. ऑपरेटरने टेलस्टॉक सरकवून जुळवलं, चाललं. मग पुन्हा तेच. लेव्हल लावून बघितली तर बेडला पीळ बसलेला. जॅक बोल्ट (बेड खालीवर करणारे) फिरवून सरळ केला, नट आवळले. ते नटही सैल निघाले होते. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा टेपर.

शाफ्ट भंगारात गेले त्याचं मला तेवढं वाटलं नाही. खरा त्रास संशयाचा होता. माप चुकलं की पहिला प्रश्न: टूल घासलं का? मग टेलस्टॉक, मग स्पिंडलचं बेअरिंग, मग ऑपरेटरचा हात. चांगला, जुना माणूस आपल्याच मायक्रोमीटरवर भरवसा ठेवेना. प्रत्येक वेळी अर्धी पाळी कारण शोधण्यात जायची आणि शेवटी पुन्हा लेव्हलच काढावी लागायची. न थांबता वाचवलेले तीन आठवडे त्या वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी परत गेले, असं मला वाटतं. वहीत हिशेब मांडलेला नाही, पण अंदाज चुकीचा नसावा.

असं का होतं, याचं उत्तर आकड्यांत आहे. काँक्रीट सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू आणखी दबत जातं, आणि जितकं कोवळं असताना भार पडतो तितकं जास्त. आयएस ४५६ मध्ये या क्रीपचा गुणांक ७ दिवसांच्या काँक्रीटला २.२ दिलाय, २८ दिवसांच्याला १.६, वर्षाच्याला १.१. जोडीला आकुंचन. त्यासाठी त्याच कोडमध्ये ढोबळ आकडा ०.०००३ आहे, म्हणजे दहा मीटरला ३ मिलिमीटर. त्यातही वरचा थर आधी वाळतो आणि खालचा ओला राहतो, म्हणून उन्हात घातलेल्या पापडासारख्या स्लॅबच्या कडा वर येऊ पाहतात. कंप्रेसरला याचं काही वाटत नाही. पण ज्या बेडची सरळ रेष खालच्या काँक्रीटवरच अवलंबून आहे, त्याला शतांश मिलिमीटरही पुष्कळ होतो.

सगळा दोष काँक्रीटच्या वयाचाच होता असं मी ठासून म्हणणार नाही. आमच्याकडे जमीन काळी, ओलीने फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी. मुरमाचा भराव नीट दाबला गेला नसेल तर २८ काय, ५६ दिवस थांबूनही मशीन खचेल. आणि २८ दिवसांनी आकुंचन संपतं असंही नाही, पाणी थांबवल्यावर खरं वाळणं तर सुरू होतं. नव्या शेडमध्येही महिन्याभराने लेव्हल थोडी हलवावी लागली. पण एकदाच. नंतर तपासली तेव्हा बुडबुडा जागेवर होता, आणि टेपर हा शब्द त्या मशीनपाशी मला पुन्हा ऐकू आलेला नाही.

अँकरचीही एक गोष्ट लक्षात घ्या. ड्रिल मारून केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) बसवणार असाल, तर अमेरिकेच्या एसीआय ३१८ या कोडमध्ये काँक्रीट किमान २१ दिवसांचं असावं अशी अट आहे. आठवड्यात मशीन चढवणारा ही अट सरळ मोडतो, आणि सहसा त्याला ते कुणी सांगतही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. कंप्रेसर, बँडसॉ, रॅक, किंवा स्वतःच्या जाडजूड बॉडीवर उभं राहणारं छोटं स्लँट बेड (तिरक्या बेडचं) सीएनसी असेल, तर पुरेसं पाणी देऊन दहा-बारा दिवसांनी बसवायला माझी हरकत नाही. लांब लेथ, सरफेस ग्राइंडर, प्लॅनर असेल तर थांबा. पॉवर प्रेसला लेव्हलची एवढी नड नसते, पण दर ठोक्याला कोवळ्या काँक्रीटला आणि बोल्टला हादरा बसतो, त्यामुळे तिथंही थांबलेलं मला बरं वाटतं. ते दिवस रिकामे जात नाहीत: अर्थिंगचे खड्डे, हवेची लाइन, केबल ट्रे, विजेच्या वाढीव लोडचा अर्ज, सगळं त्यात बसतं. मशीनची डिलिव्हरी मात्र त्याच हिशेबाने मागवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली पडलेलं मशीन लगेच गंज धरतं.

आणि थांबणं खरोखरच शक्य नसेल तर मशीनचं फाउंडेशन बाकीच्या फ्लोअरपासून वेगळं करा, मध्ये थर्मोकोलची पट्टी घाला. ग्रेड एक पायरी वरचा घ्या, सात दिवसांचे क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुना ठोकळे) फोडून रिपोर्ट हातात आल्याशिवाय हायड्राला फोन करू नका. फाउंडेशन बोल्टचे पॉकेट (खड्डे) आधीच सोडा, म्हणजे ड्रिलिंगचा प्रश्नच येत नाही. बोल्ट धरण्यापुरते पॉकेट भरा, पण बेसखालचं नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा पातळ मसाला) निदान चौथ्या आठवड्यापर्यंत राखून ठेवा. तोवर जॅक बोल्टवर मशीन हलक्या कामाला चालवा, दर आठवड्याला लेव्हल बघा आणि आकडे तारखेसकट मशीनच्या वहीत लिहा. दोन आठवडे ओळीने आकडा हलला नाही की मग ग्राउट भरा.